आर्काइव्ह्जस्पेसमधून स्कॅनच्या लिंका बाहेर कशा काढाव्यात?

दप्तरदार (धागाकर्ता)

आमच्या संग्रहाची सूची आर्काइव्ह्जस्पेस या अभिलेखसंग्रहांसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. जुनी पत्रं, जमाखर्चाच्या वह्या, थोडे नकाशे आणि भरपूर फोटो. स्कॅन वेगळ्या सर्व्हरवर ठेवलेत. सूचीतल्या नोंदीला 'डिजिटल ऑब्जेक्ट' जोडायचं आणि त्यात स्कॅनची लिंक टाकायची, अशी पद्धत आहे आणि ती बरी चालली आहे.

आता वेबसाइट नव्याने करणारी मंडळी म्हणतात, आम्हाला फक्त एक तक्ता द्या. डावीकडे नोंद, उजवीकडे तिच्या चित्राची लिंक. ऐकायला सोपं वाटलं म्हणून ईएडी (सूचीची वर्णनं ज्यात बाहेर पडतात तो एक्सएमएल प्रकार) एक्सपोर्ट करून पाहिलं. वर्णनं सगळी आली. लिंका मात्र काही नोंदींना आहेत, काहींना नाहीत, आणि काही ठिकाणी लिंकेच्या जागी 'फोटो-०४४-ब' असलं काहीतरी छापलंय, जे ब्राउझरमध्ये टाकलं तर कुठेच जात नाही. एकाच फाइलमध्ये या तिन्ही तऱ्हा.

नोंदी हजारांत आहेत, त्यामुळे एकेक उघडून कॉपी-पेस्ट करणं बाद. मला प्रोग्रॅमिंग जेमतेम येतं, म्हणजे कुणी स्क्रिप्ट दिली तर चालवू शकतो, स्वतः लिहू शकत नाही. डेटाबेस फक्त वाचण्यापुरता उघडून द्यायला आयटीवाले तयार आहेत. कुणी हे केलंय का?

खटपट्या

तिन्ही तऱ्हांना कारण आहे, सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही.

लिंका अजिबात न येण्याची कारणं दोन. ईएडी एक्सपोर्टच्या खिडकीत 'डीएओ टॅग समाविष्ट करा' असा पर्याय असतो (डीएओ म्हणजे ईएडीतली स्कॅनच्या लिंकेची खूण), तो बंद असेल तर एकही लिंक येत नाही. तुमच्याकडे काही आल्यात, म्हणजे तो चालू आहे. मग उरलं दुसरं कारण: ज्या डिजिटल ऑब्जेक्टवर 'पब्लिश'ची खूण नाही ते एक्सपोर्टमधून गुपचूप गळतात. 'अप्रकाशित नोंदी समाविष्ट करा' हेही चालू करून पाहा, बरेचसे परत येतील.

'फोटो-०४४-ब' हा त्या डिजिटल ऑब्जेक्टचा ओळख क्रमांक आहे. ऑब्जेक्ट केला, पण त्याच्या आत 'फाइल व्हर्जन', म्हणजे प्रत्यक्ष लिंक असलेला भाग, भरलंच नाही किंवा ते अप्रकाशित ठेवलं, तर एक्सपोर्ट करताना आर्काइव्ह्जस्पेस लिंकेच्या जागी तो क्रमांक ढकलून देतं. तेव्हा अप्रकाशितचा पर्याय चालू करूनही असे जितके सापडतील तितक्या नोंदींना मुळात लिंकच दिलेली नाही असं समजा. ही यादी बाजूला काढून ठेवा, तुमच्या सूचीकाराला लागेल.

अजून एक तऱ्हा तुम्हाला दिसली नसेल पण फाइलमध्ये असणार. एका ऑब्जेक्टला एकच फाइल व्हर्जन असेल तर एक 'डीएओ' येतो. दोन किंवा जास्त असतील, समजा मास्टर (मूळ स्कॅन) आणि थंबनेल (छोटं चित्र), तर 'डीएओ ग्रुप' येतो आणि त्याच्या पोटात 'डीएओ लोक' अशी एकेक लिंक. नुसते 'डीएओ' शोधणारी स्क्रिप्ट हे सगळे गट सोडून देते. कुणाची तयार स्क्रिप्ट उचलून वापरणार असाल तर आधी एवढं तपासा.

वाळवी

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही हीच रड आहे.

शून्यएक

ईएडीच्या वाटेला जाऊच नका. ते वर्णनासाठी बनलेलं आहे, त्यातून तक्ता काढायचा म्हणजे आधी सगळं बांधायचं आणि मग सोडवत बसायचं. एपीआय वापरा, म्हणजे स्क्रिप्टने थेट आर्काइव्ह्जस्पेसलाच माहिती विचारायची.

क्रम असा. आधी लॉगिन करून सेशनची किल्ली मिळवायची, ती पुढच्या प्रत्येक विनंतीच्या हेडरमध्ये जाते. मग तुमच्या रिपॉझिटरीतले (आर्काइव्ह्जस्पेसमधल्या तुमच्या संस्थेच्या कप्प्यातले) डिजिटल ऑब्जेक्ट पानापानाने मागायचे. न सांगता मागितले तर एका पानावर १० मिळतात, पानाचा आकार सांगितला तर २५० पर्यंत. हजारांतल्या नोंदींना हा फरक जाणवतो. प्रत्येक ऑब्जेक्टचा जेसन (स्क्रिप्टला वाचता येईल असा रचलेला मजकूर) येतो आणि त्यात तुम्हाला हव्या त्या दोन गोष्टी शेजारी शेजारी असतात. 'फाइल व्हर्जन्स'च्या यादीत प्रत्यक्ष लिंका, आणि 'लिंक्ड इन्स्टन्सेस'मध्ये हा ऑब्जेक्ट सूचीतल्या कुठल्या नोंदीला जोडला आहे त्याचा पत्ता. स्क्रिप्टने एवढंच करायचं: जितकी फाइल व्हर्जन्स तितक्या ओळी.

सेशनची मुदत नेहमीच्या सेटिंगमध्ये तासाभराची असते. मोठी रिपॉझिटरी असेल तर मधेच किल्ली मरते आणि उरलेल्या विनंत्यांना नकार येत राहतो. नकार आला की पुन्हा लॉगिन, हे स्क्रिप्टमध्येच घालून ठेवा. नाहीतर अर्धीच फाइल हातात येईल आणि ती अर्धी आहे हे कळणारही नाही.

बखरी

डेटाबेस वाचायला मिळतोय म्हणताय, मग एपीआय कशाला? एक एसक्यूएल क्वेरी (डेटाबेसला थेट विचारलेला प्रश्न) आणि खेळ खलास.

लिंक असते 'फाइल व्हर्जन' टेबलात. तिथून 'डिजिटल ऑब्जेक्ट', तिथून 'इन्स्टन्स डीओ लिंक' नावाचं जोडटेबल, तिथून 'इन्स्टन्स', आणि तिथून 'आर्काइव्हल ऑब्जेक्ट', जिथे नोंदीचं शीर्षक आहे. चार जोडण्या.

दोन ठिकाणी जपा. एक, इन्स्टन्स नेहमी आर्काइव्हल ऑब्जेक्टलाच लटकलेला नसतो. थेट संग्रहाला, म्हणजे 'रिसोर्स'ला, किंवा 'ॲक्सेशन'लाही, म्हणजे दाखल-नोंदीलाही, लटकलेला असू शकतो. म्हणून जोड न सापडलेल्या ओळी गाळणारा इनर जॉइन लावू नका, त्या ठेवणारा लेफ्ट जॉइन लावा. दोन, लिंकेचा हेतू, म्हणजे मास्टर की थंबनेल, तिथे शब्दात नसतो, आकड्यात असतो. तो आकडा 'एन्युमरेशन व्हॅल्यू' टेबलात नेऊन पाहिला की 'इमेज मास्टर', 'इमेज सर्व्हिस' (वाचकांना दाखवायची प्रत), 'इमेज थंबनेल' असे शब्द मिळतात.

शून्यएक

@बखरी, क्वेरी जलद आहे हे मान्य. पण सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि टेबलं हलली की ती बसते. एपीआय त्या मानाने टिकतो. एकदाच काढायचं असेल तर तुमचं बरोबर, दर महिन्याला काढायचं असेल तर माझं.

आणि जमाखर्चाच्या वह्यांचं काय? वही म्हणजे एक डिजिटल ऑब्जेक्ट आणि प्रत्येक पान त्याखालचा 'कंपोनंट' असं कुणी केलं असेल, तर पानांच्या लिंका ऑब्जेक्टला नसतातच, कंपोनंटला असतात. तुमच्या चार जोडण्यांत वहीच्या पानांच्या सगळ्या लिंका गायब.

बखरी

बरोबर, ती पाचवी जोडणी. फाइल व्हर्जनमध्ये दोन रकाने असतात, ऑब्जेक्टचा आणि कंपोनंटचा, आणि त्यातला एकच भरलेला असतो. कंपोनंटचा भरलेला असेल तर त्याच्या 'रूट रेकॉर्ड'वरून मूळ ऑब्जेक्टपर्यंत पोचायचं. 'पोझिशन' हा रकाना बरोबर घ्यायला विसरू नका, पानांचा क्रम तिथेच असतो. फाइलच्या नावावरून क्रम लावायला गेलात तर पान १० हे पान २ च्या आधी येऊन बसेल.

एकाच वहीपुरतं काम असेल तर स्टाफच्या पडद्यावरून त्या ऑब्जेक्टचं मेट्स (डिजिटल वस्तूची रचना सांगणारा एक्सएमएल प्रकार) एक्सपोर्ट करा. फाइलींची यादी एका भागात, रचना दुसऱ्या भागात, छान सुटसुटीत येतं. पण ते एका वेळी एकच.

दप्तरदार

सगळ्यांचे आभार. वह्या कंपोनंटवाल्याच आहेत, त्यामुळे वेळेत कळलं.

आता प्रश्न डावीकडच्या रकान्याचा. नोंद म्हणून काय द्यायचं? शीर्षक देऊन भागणार नाही, 'पत्र, तारीख नाही' याच नावाच्या नोंदी ढिगाने आहेत. डेटाबेसमधला आयडी देऊ का?

खटपट्या

डेटाबेसमधला आयडी अजिबात देऊ नका. उद्या तुमचा डेटा दुसऱ्या सर्व्हरवर ईएडीमधून नव्याने चढवावा लागला की सगळे आयडी बदलतात. एपीआयमधून येणारा पत्ता, रिपॉझिटरी अमुक, ऑब्जेक्ट तमुक, तोही त्याच आकड्यांचा बनलेला असतो, म्हणून तोही नको.

'रेफ आयडी' द्या. प्रत्येक आर्काइव्हल ऑब्जेक्टला तो आपोआप मिळतो, ३२ अक्षरांचा असतो, दिसायला भयंकर, पण ईएडीबरोबर बाहेर जातो आणि ईएडीबरोबर परत येतो. माणसांना वाचायला म्हणून तुमचा 'कंपोनंट युनिक आयडेंटिफायर' शेजारच्या रकान्यात ठेवा. जुळवणी मात्र रेफ आयडीवर.

माझं मत विचाराल तर या सगळ्या प्रकरणात लिंक ही सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट आहे. लिंक बदलणार, सर्व्हर बदलणार. नोंदीची पक्की ओळख, फाइलचं नाव आणि फाइलचा हेतू हे तीन नीट बाहेर काढलं तर लिंक कधीही पुन्हा बांधता येते. नुसती लिंक काढून ठेवली तर उलटं जाता येत नाही. म्हणून लिंकेचेही दोन तुकडे करून वेगळ्या रकान्यांत ठेवा: सर्व्हरचा पत्ता एकात, त्यापुढचा मार्ग दुसऱ्यात. सर्व्हर बदलला की एका रकान्यात एकदाच बदल.

जुनाट_कागद

आम्ही ॲटमवर, म्हणजे अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर, आहोत, त्यामुळे थोडं वेगळं सांगतो, याच वाटेने येणाऱ्या कुणाला उपयोग होईल.

ॲटममध्येही 'डिजिटल ऑब्जेक्ट' नावाचं टेबल आहे. त्यात 'पाथ' आणि 'नेम' हे दोन रकाने जोडले की फाइलचा मार्ग मिळतो. एका चित्राच्या तिथे सहसा तीन ओळी दिसतात: मास्टर, रेफरन्स आणि थंबनेल. हेतूचे आकडे अनुक्रमे १४०, १४१, १४२. गंमत अशी की सूचीतल्या नोंदीला फक्त मास्टर जोडलेला असतो. बाकीचे दोघे त्या मास्टरची पोरं म्हणून राहतात. थंबनेल हवी असेल तर आधी मास्टर शोधायचा आणि मग त्याची पोरं.

चौथा आकडा १६६, म्हणजे बाहेरच्या सर्व्हरवरची लिंक. इथे 'पाथ' रकान्यातच अख्खी लिंक असते. सवयीने 'नेम' जोडलं तर लिंकेच्या शेपटीला फाइलचं नाव दुसऱ्यांदा चिकटतं आणि सगळ्या लिंका मेलेल्या निघतात. १६६ असेल तर जोडायचं नाही, अशी अट क्वेरीत घाला.

आणि तपासताना लॉगआउट होऊन तपासा. ॲटममध्ये मास्टर फाइल बघायचा अधिकार वेगळा असतो. आपण लॉगिन असतो म्हणून आपल्याला सगळं उघडतं, वाचकाला दार बंद.

नेमस्तक_नाही

सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) करून एक्सेलमध्ये उघडा, फिल्टर लावा, झालं काम. उगाच किती ताणताय.

बखरी

@नेमस्तक_नाही, एक्सेलमध्ये डबल क्लिक करून सीएसव्ही उघडली की काय होतं ते सांगतो. देवनागरी शीर्षकांच्या जागी बहुधा रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. '००४४' चा ४४ होतो. '३-५' हा क्रमांक तारीख होऊन बसतो. मग त्याच फाइलवर सेव्ह दाबलं आणि 'यूटीएफ-८' वाला प्रकार निवडला नसेल तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं कायमची. त्यावर कडी म्हणजे एका शीटमध्ये ६५,५३० हून जास्त चालत्या हायपरलिंका एक्सेल ठेवत नाही. डबल क्लिक न करता 'डेटा'मधून आयात करा, सगळे रकाने 'टेक्स्ट' म्हणून घ्या, आणि लिंका साध्या मजकूर म्हणूनच राहू द्या. लिब्रे ऑफिस उघडतानाच एन्कोडिंग विचारतं, त्यामुळे मला ते बरं पडतं.

मोडीवाचक

देवनागरीचा विषय निघालाच आहे तर. तुमच्या फाइलींची नावं मराठीत आहेत का? असतील तर दोन गोष्टी.

लिंकेत देवनागरी अक्षर थेट जात नाही, त्याची टक्केवाली रूपं होतात. एका 'क'चे तीन बाइट, प्रत्येक बाइटला टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं, म्हणजे एका 'क'ची नऊ अक्षरं. एक बऱ्यापैकी लांब मराठी नाव लिंकेत मारुतीची शेपटी होतं. आर्काइव्ह्जस्पेसमध्ये कुणी लिंक ब्राउझरच्या पट्टीतून कॉपी केली असेल तर टक्केवाली, हाताने टाइप केली असेल तर देवनागरी. फाइल तीच, पण दोन लिंका दिसतात. एक्सपोर्ट झाल्यावर सगळ्या एका रूपात आणा, मगच दुहेरी नोंदी शोधा.

दुसरी गोष्ट जास्त छळते. 'पायऱ्या' या नावाची फाइल घ्या. त्यातला 'ऱ' यूनिकोडमध्ये एक अखंड अक्षर म्हणूनही लिहिता येतो, किंवा 'र' आणि त्याखाली नुक्ता असा दोन तुकड्यांतही. डोळ्यांना काडीचा फरक दिसत नाही. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइलव्यवस्था नावं तुकड्यांत ठेवते. लिनक्स सर्व्हरच्या लेखी ही दोन वेगळी नावं. म्हणजे सूचीत अखंड 'ऱ' आणि सर्व्हरवर तुकड्यांतला, की लिंक मेली, आणि दोन्ही नावं एकाखाली एक ठेवून तासभर बघितलं तरी कारण कळत नाही. उपाय: दोन्ही बाजूंची नावं एनएफसी रूपात (यूनिकोडच्या अखंड अक्षरांच्या प्रमाण रूपात) आणून मग जुळवा. पायथॉनमध्ये त्यासाठी 'यूनिकोडडेटा' मॉड्यूल बरोबरच येतं.

पण तिसरी तऱ्हा त्यालाही दाद देत नाही. काही कीबोर्डांवर हाच 'ऱ्' म्हणजे 'र', हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) असा टाइप होतो. एनएफसी त्याला हात लावत नाही. तो शोधून स्वतः बदलावा लागतो.

वाळवी

बाप रे. आमच्याकडे 'दऱ्या', 'कचेऱ्या', 'पायऱ्या' सगळंच आहे. म्हणून त्या लिंका चालत नव्हत्या होय!

शून्यएक

मोडीवाचक यांना +१. नव्याने स्कॅन करणाऱ्यांनी फाइलींची नावं रोमन अक्षरं, आकडे आणि हायफन एवढ्यावरच ठेवावीत. मराठी नाव नोंदीच्या शीर्षकात शोभतं.

तक्ता देण्याआधी लिंका जिवंत आहेत का ते स्क्रिप्टने तपासा. पूर्ण चित्र उतरवायची गरज नाही, 'हेड' विनंती, म्हणजे फाइल न मागता फक्त तिची माहिती मागणं, पुरते. काही सर्व्हर 'हेड'ला ४०५ (ही पद्धत चालत नाही) देतात, तिथे साधी 'गेट' करावी लागते. २०० (सगळं ठीक) आला म्हणून खूश होऊ नका. 'पान सापडलं नाही' हे सांगणारं पानही काही सर्व्हर २०० बरोबर पाठवतात, लॉगिनचं पानही तसंच येतं. उत्तराचा प्रकार 'इमेज' आहे की 'एचटीएमएल' हे बघा. दोन विनंत्यांमध्ये थोडी उसंत द्या, नाहीतर तुमचाच सर्व्हर तुम्हाला हल्लेखोर समजेल.

लिंक एचटीटीपीने सुरू होते की एचटीटीपीएसने, हेही याच फेरीत पाहून घ्या. नवी वेबसाइट एचटीटीपीएसवर आणि चित्रं जुन्या एचटीटीपीवर असतील तर ब्राउझर ती अडवू शकतो.

अवांतर: स्कॅन ट्रिपलआयएफ (चित्रं ठरावीक रीतीने पुरवण्याचं मानक) सर्व्हरवर असतील तर थंबनेलची लिंक वेगळी काढायचीच गरज नाही. चित्राचा ओळख क्रमांक मिळाला की भाग, आकार, फिरवण, दर्जा हे सगळं लिंकेतच लिहून हवं ते रूप मागता येतं.

दप्तरदार

ट्रिपलआयएफ नाही, साधा वेब सर्व्हर आहे.

प्रगती कळवतो. बखरी यांची क्वेरी आयटीवाल्यांनी चालवली, पाचवी जोडणी धरून. एका फाइल व्हर्जनला एक ओळ. रकाने असे ठेवलेत: रेफ आयडी, आमचा क्रमांक, शीर्षक, ऑब्जेक्टचा आयडी, पानाचा क्रम, हेतू, पब्लिश आहे की नाही, सर्व्हर, मार्ग, आणि तपासणीचा निकाल. वेबसाइटवाल्यांना 'सर्व्हिस' आणि 'थंबनेल' एवढ्याच ओळी देणार.

कारण मास्टरच्या ओळींमध्ये भलतंच निघालं. बऱ्याच ठिकाणी लिंकच नाही, 'झेड' ड्राइव्हपासून सुरू होणारा आतल्या नेटवर्कचा मार्ग आहे, उलट्या तिरक्या रेघांसकट. कुणीतरी स्कॅन कुठे ठेवलाय त्याची आठवण म्हणून तिथे लिहून ठेवलेलं दिसतं.

खटपट्या

ते बाहेर देऊ नका हे बरोबर, पण पुसूही नका. मास्टर नेमका कुठे आहे याची तेवढीच नोंद अनेक संस्थांत असते. त्या मार्गांवरच्या फाइलींचे चेकसम, म्हणजे फाइलच्या आतल्या डेटावरून निघणारे ठसे, एकदा काढून तक्त्यात जोडा, एसएचए-२५६ चालेल. उद्या तो ड्राइव्ह हलला आणि नावं बदलली तरी फाइल ओळखता येईल.

जुनाट_कागद

पब्लिशचा रकाना ठेवलात हे छान. पण त्यावर विसंबू नका. सूचीत नोंद अप्रकाशित आहे याचा अर्थ सर्व्हरवरचं चित्र झाकलेलं आहे असा होत नाही. लिंक ज्याच्या हाती त्याला चित्र दिसतं. शिवाय नावं ओळीने क्रमांकांची असतील तर ०४४ पाहणारा ०४५ टाकून बघणारच.

दप्तरदार

आत्ता लॉगआउट होऊन पाहिलं. अप्रकाशित नोंदींपैकी ज्या ज्या उघडल्या त्या सगळ्यांची चित्रं दिसली. त्यात काही खाजगी पत्रं आहेत. तो फोल्डर बंद करायला आयटीला कळवलंय, तोवर तक्ता कुणालाच पाठवत नाही.

वाळवी

क्वेरी इथे टाकता येईल का? आमची आवृत्ती जुनी आहे, चालते का बघतो.

बखरी

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. आधी टेस्ट कॉपीवर चालवा. आणि त्यात रिपॉझिटरीचा क्रमांक २ लिहिलेला आहे, तो तुमच्याप्रमाणे बदला.